एका दिवसात योसेमिटी: फ्रीमाँटहून, आई-बाबांना घेऊन

प्रश्न असा आहे: पुण्याहून आई-बाबा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला आले आहेत. बाबा 72 वर्षांचे, आई 68 च्या, आणि आईंचे गुडघे दुखतात. पार्कमधल्या खोल्या कधीच्याच संपल्या आहेत. मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला, एकाच दिवसात गाडीने योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाला जाऊन परत येता येईल का? आणि त्यात योसेमिटीची मुख्य दरी, ग्लेशियर पॉइंट, मॅरिपोसा ग्रोव्हमधली सेकोइयाची प्रचंड झाडं आणि टायोगा पास ही उंच खिंड एवढं सगळं बसेल का?

जाऊन येता येईल. बसेल मात्र फक्त दरी. बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, घरांमध्ये पाहुणे आले की योसेमिटीची सहल ठरलेलीच असते आणि मी ती बरीच वर्षं करत, करवत आलो आहे. ज्यांनी एका दिवसात चार ठिकाणं गाठायचं ठरवलं त्यांच्या आई-बाबांनी मुख्यतः गाडीची मागची सीट पाहिली. ज्यांनी दरीत सहा-सात तास काढले, त्यांचे आई-बाबा पुण्याला परत गेल्यावरही तिथल्या गोष्टी सांगत राहिले. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की यादी लहान करा.

हिशेब सोपा आहे. फ्रीमाँटपासून दरी सुमारे 170 मैल, म्हणजे रस्ता मोकळा असताना, थांबे धरून साधारण 4 तास. येताना तेवढेच. दरीतून ग्लेशियर पॉइंट 30 मैलांवर असलं तरी वळणांमुळे जायला तास आणि यायला तास लागतो. मॅरिपोसा ग्रोव्ह पार्कच्या दक्षिण टोकाला आहे. तासाभराहून जास्त गाडी, पुढे बहुतेक वेळा शटल, मग चालणं. टायोगा पास तर दरीच्या वाटेवरच्या क्रेन फ्लॅट या फाट्यापासून दीड तास, आणि बर्फ हटवून तो रस्ता कधी उघडेल हे वर्षावर अवलंबून असतं. मेअखेरीला तो बंदही असू शकतो. यातलं काहीही एक घेतलं की दरीतल्या वेळातले तीन तास तरी गेले. आणि दरी अर्धवट सोडून तिच्या बदल्यात पाहावं असं पहिल्या भेटीत तरी मला दुसरं काही वाटत नाही.

आता दिवस कोणता. मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार. सुट्टी टाकावी लागली तरी टाका. यामागे गर्दीशिवाय आणखी एक कारण आहे, जे 580 क्रमांकाच्या महामार्गावर रोज जाणाऱ्यांना माहीत असतं. ट्रेसी-मँटिकाकडून बे एरियात कामाला येणारी गाड्यांची रांग सकाळी पश्चिमेकडे येते आणि संध्याकाळी पूर्वेकडे परतते. तुम्ही दोन्ही वेळा बरोबर उलट दिशेने जाता. शनिवार-रविवारी हा फायदा राहत नाही, आणि रविवारी संध्याकाळी सिएराच्या डोंगरांत गेलेले सगळे एकदमच घरी परतत असतात. मे महिन्याचा शेवटचा सोमवार मेमोरियल डे. त्याच्या मागचापुढचा वीकेंड तर पूर्ण टाळा. त्या दिवसांत दरीतल्या एका पार्किंगपासून दुसऱ्या पार्किंगपर्यंत जायला तास-तास लागल्याचं मी पाहिलं आहे.

पहाटे साडेचारला गाडी घराबाहेर पडलेली हवी. साडेचारला निघायचं म्हणजे साडेचारला उठायचं नव्हे, एवढं आदल्या रात्री घरात सगळ्यांना सांगून ठेवा. डबे रात्रीच भरा. उन्हाळ्यात दरीतली पार्किंगं सकाळी आठ-नऊच्या सुमारास भरायला लागतात. साडेआठला पोहोचलात तर दिवस तुमच्या हातात राहतो. साडेदहाला पोहोचलात तर जागा शोधण्यातच दुपार होते.

आणि गाडी चालवणारे दोघं हवेत. याबाबत मी आग्रही आहे. आठ तासांचं ड्रायव्हिंग, त्यातला बराच भाग डोंगरी, मध्ये दिवसभर ऊन आणि चालणं, आणि शेवटी अंधारात 580 वरची आल्टामाँट पास ही खिंड. एकट्याने हे करू नये. घरात एकच चालवणारा असेल तर आदल्या संध्याकाळी वाटेवरच्या ओकडेल गावापर्यंत जाऊन तिथे साध्या मोटेलमध्ये झोपा. तिथून दरी साधारण दोन तासांवर आहे. पार्कजवळच्या खोल्यांपेक्षा तिथलं भाडं पुष्कळ कमी असतं, आणि सकाळी साडेसहाला निघूनही तुम्ही वेळेत पोहोचता.

रस्ता 580, 205 आणि मग 120. मँटिका, एस्कलॉन, ओकडेल या पट्ट्यात दोन्ही बाजूंना बदामाच्या बागा लागतात; बाबांना शेतीची आवड असेल तर त्यांना पुढच्या सीटवर बसवा. ओकडेलला चहा-कॉफी, स्वच्छतागृह आणि पेट्रोल, तिन्ही उरका. योसेमिटीच्या दरीत पेट्रोल मिळत नाही. क्रेन फ्लॅटला पंप आहे, पण महाग.

ओकडेलनंतर टेकड्या सुरू होतात, डॉन पेड्रो जलाशय लागतो आणि मग मोकॅसिन. इथे डोंगरावरून खाली उतरणारे जाडजूड पाइप आणि पायथ्याचं वीजघर दिसेल. आई-बाबांना ते जरूर दाखवा. योसेमिटीच्याच हद्दीत, हेच हेची नावाच्या दुसऱ्या एका दरीत, 1923 साली धरण पूर्ण झालं, आणि 1934 पासून तिथलं पाणी याच वाटेने सॅन फ्रान्सिस्कोला जातं. योसेमिटीसाठी आयुष्यभर लिहिणारे, लढणारे जॉन म्यूर या धरणाच्या विरोधात शेवटपर्यंत उभे राहिले. 1913 साली अमेरिकन काँग्रेसने धरणाला परवानगी दिली आणि पुढच्याच वर्षी ते वारले. धरणाखाली गाव आणि खोरं गेल्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मोकॅसिननंतर लगेच घाट, प्रीस्ट ग्रेड. इथे दोन रस्ते आहेत. जुना रस्ता जेमतेम दोन मैलांत सुमारे 1,500 फूट चढतो. नवा लांब आहे, वळणं घेत घेत बेताने चढतो. नकाशाचं ॲप चार मिनिटं वाचवायला जुना दाखवेल. ऐकू नका. जाताना इंजिन तापतं आणि उतरताना ब्रेक, म्हणून दोन्ही वेळा नवाच घ्या. आईंना गाडी लागत असेल तर या घाटाच्या आधीच खिडकी थोडी उघडा, मोबाइल बघणं बंद करा आणि आलेपाकाची वडी तोंडात ठेवायला द्या. गोळी घेणार असाल तर ती ओकडेललाच घ्यायला हवी, घाटात घेऊन उपयोग होत नाही.

ग्रोव्हलँड हे शेवटचं बऱ्यापैकी गाव. तिथे पुन्हा एकदा पाय मोकळे करा. गाडी इलेक्ट्रिक असेल तर इथेच चार्ज करून घ्या. यापुढे फोनची रेंज येते-जाते आणि दरीत गर्दीच्या वेळी असून नसल्यासारखी होते, म्हणून नकाशा घरूनच उतरवून घ्या. ग्रोव्हलँडच्या पुढे काही डोंगर उघडेबोडके दिसतील, जळके खांब उभे असलेले. 2013 सालच्या रिम फायर या वणव्यात इथलं अडीच लाख एकरांहून जास्त क्षेत्र जळलं. आई विचारतीलच, म्हणून उत्तर माहीत असू द्या.

प्रवेशशुल्काबद्दल एक नवी गोष्ट आहे आणि ती नेमकी आपल्यासारख्या कुटुंबांना लागू होते. गाडीमागे 35 डॉलर हे नेहमीचं शुल्क. पण 1 जानेवारी 2026 पासून, अमेरिकेत राहत नसलेल्या, 16 किंवा त्याहून जास्त वयाच्या पाहुण्यांना योसेमिटीसह 11 मोठ्या पार्कांत माणशी 100 डॉलर वेगळे द्यावे लागतात. त्याऐवजी परदेशी पाहुण्यांसाठीचा 250 डॉलरचा वार्षिक पास घेता येतो. इथल्या रहिवाशांसाठी तो पास 80 डॉलरचा आहे. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर असतील, पुढे ग्रँड कॅनियन किंवा यलोस्टोनचाही बेत असेल, तर पासचा हिशेब आधीच करा. कोणता पास गाडीतल्या कोणाकोणाला चालतो, हे निघायच्या आठवड्यात नॅशनल पार्क सर्व्हिसच्या पानावर नीट वाचा आणि सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा. तिथेच वेळेचं आरक्षण लागतं का तेही बघा. गेल्या काही वर्षांत काही मोसमांत ते लागलं, काहींत नाही, त्यामुळे मित्राच्या मागच्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नका.

क्रेन फ्लॅटनंतर रस्ता उतरू लागतो, बोगदे येतात, आणि झाडांच्या फटीतून पहिल्यांदा हाफ डोम हा गोल माथ्याचा कडा दिसतो. तिथल्या थांब्यावर दोन मिनिटं थांबायला हरकत नाही, पण खरा वेळ खाली लागणार आहे.

दरीतला रस्ता एकेरी आहे: दक्षिणेच्या बाजूने आत, उत्तरेच्या बाजूने बाहेर. वाटेत ब्रायडलव्हेल धबधबा लागेल, एल कॅपिटनचा सरळसोट कडा दिसेल, सगळ्यांना उतरावंसं वाटेल. थांबू नका. आधी थेट योसेमिटी व्हिलेज किंवा करी व्हिलेजच्या मोठ्या पार्किंगमध्ये गाडी लावा आणि दुपारपर्यंत तिला हात लावू नका. दरीत मोफत शटल फिरते. आईंना चढायला-उतरायला ती गाडीपेक्षा सोयीची नसेल, पण दर थांब्यावर पार्किंग शोधण्याचा ताप पूर्ण वाचतो.

सकाळी सगळ्यात आधी लोअर योसेमिटी फॉल. मैलभराची फेरी आहे, वाट डांबरी, पूर्वेकडची बाजू तर व्हीलचेअर जाईल अशी. गुडघ्यांनी कुरकुर केली तर अर्ध्यावर बाकावर बसता येतं. सबंध योसेमिटी फॉल तीन टप्प्यांचा मिळून 2,425 फूट, म्हणजे सुमारे 740 मीटर आहे, आणि मे-जूनमध्ये त्याचा आवाज झाडांच्या आड असतानाच ऐकू येतो. पुलावर उभं राहिलं की अंग भिजतं. आईंचा चष्मा पुसायला सुती रुमाल ठेवा आणि खांद्यावर पातळ जाकीट.

इथे आपल्या लोकांना एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. आपले धबधबे पावसाचे. जुलै-ऑगस्टमध्ये माळशेजला नाहीतर आंबोलीला जायचं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. इथे उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतोच. हे सगळं पाणी वरच्या डोंगरातल्या वितळणाऱ्या बर्फाचं. म्हणून मे-जूनमध्ये धबधबे भरात असतात आणि ऑगस्ट संपता संपता योसेमिटी फॉल बऱ्याच वर्षी कोरडा पडतो. शाळेच्या सुट्ट्या पाहून लोक ऑगस्टमध्ये पाहुण्यांना आणतात आणि ओल्या डागाचा फोटो काढून परततात. तुमचे आई-बाबा मेअखेरीला इथे आहेत, हा योग दवडू नका.

तिथून कुक्स मेडो. सपाट कुरण, लाकडी पायवाट, एका बाजूला योसेमिटी फॉल आणि दुसऱ्या बाजूला हाफ डोम. मला विचाराल तर सबंध दरीत वयस्कर माणसांसाठी याहून चांगली जागा नाही. बसा. अर्धा तास तरी कुठेही जायची घाई करू नका. बाबा ट्रेक केलेले असतील, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाहिलेला असेल, तर त्यांच्याशी दगडाबद्दल बोला. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला काळा बेसाल्ट. म्हणून आपल्या कड्यांना आडव्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात. इथला दगड ग्रॅनाइट. तो जमिनीच्या पोटात, सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वी, सावकाश थंड होत घट्ट झाला आणि नंतर वर आला. एल कॅपिटनच्या दगडात भेगा फार कमी, म्हणून 3,000 फुटांची भिंत सरळसोट उभी राहिली. हाफ डोमचा माथा गोल आहे, कारण वरचा भार गेल्यावर ग्रॅनाइट कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटत जातो. हिमनद्यांनी दरी खरवडून रुंद आणि खोल केली, पण हाफ डोमच्या डोक्यावरून त्या कधी गेल्या नाहीत. बाजूचे ओढे मात्र वरच अडकून राहिले, कारण त्यांच्या खोऱ्यांना तेवढ्या ताकदीची हिमनदी मिळाली नाही. तेच आज कड्यावरून उड्या घेतात. एवढं सांगितलं की मग समोरची प्रत्येक भिंत बाबा आपली आपण वाचू लागतात.

दरीचा तळ साधारण 1,200 मीटरवर आहे, महाबळेश्वरपेक्षा थोडा खालीच. त्यामुळे ज्यांना महाबळेश्वर सोसतं त्यांना इथे उंचीचा त्रास व्हायला नको. दुपारी ऊन मात्र कोरडं आणि कडक असतं. पाणी पीत राहायला सांगा, आणि रक्तदाबाच्या गोळ्या गाडीत न ठेवता खांद्यावरच्या पिशवीत ठेवा.

जवळच योसेमिटी संग्रहालयाच्या मागे मूळ रहिवाशांच्या वस्तीची पुनर्रचना आहे. सपाट, छोटी फेरी. ओकच्या फळांचं पीठ हे त्यांचं मुख्य अन्न. ती फळं साठवायच्या कणग्या तिथे पाहता येतात. शहरी पाहुण्यांना ही जागा सहसा कोणी दाखवत नाही, आणि ती दाखवावी असं मला मनापासून वाटतं. अवानीची लोक या दरीत पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. 1851 साली मॅरिपोसा बटालियन नावाची सशस्त्र तुकडी त्यांना हुसकावण्यासाठी इथे आली. त्यानंतर जेमतेम 13 वर्षांनी, 1864 मध्ये, अब्राहम लिंकन यांनी दरी आणि मॅरिपोसा ग्रोव्ह राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. राष्ट्रीय उद्यान 1890 मध्ये झालं. जंगल राखलं गेलं हे थोर काम होतं, आणि ते ज्यांचं होतं त्यांना बाहेर काढून झालं होतं. दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या पाहिजेत.

जेवण घरचंच न्या. तिथे खायला मिळतं, पण रांगा मोठ्या आणि शाकाहारी पर्याय मोजके. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा. एवढ्यावर दिवस निघतो. दहीभात नेलात तर बर्फाच्या पेटीत ठेवा. मर्सेड नदीकाठी सेंटिनेल बीच, कॅथीड्रल बीच अशा जागी बाकं-टेबलं आहेत.

खारींना खायला घालू नका. आईंना पोळीचा तुकडा टाकावासा वाटेल, त्यांचा हेतू चांगलाच असेल, पण इथे तो गुन्हा आहे आणि माणसाला सरावलेल्या खारी चावतात. अस्वलांचंही तेच. दिवसा गाडीत खाणं राहणार असेल तर काचा बंद आणि डबे नजरेआड. अंधार पडल्यावर गाडीत अन्नाचा कणही ठेवायचा नाही. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल शेवटी मारावं लागतं. रस्त्याकडेला लाल अस्वलाचं चित्र असलेली पाटी दिसली की समजा, तिथे गाडीने अस्वलाला धडक दिली होती. वेगमर्यादा त्यासाठी आहे.

नदीबद्दल याहून गंभीरपणे सांगतो. मे-जूनमधली मर्सेड वरून शांत दिसली तरी ते वितळलेलं बर्फ आहे, आणि ओढ जबरदस्त. पाय बुडवायला ओल्या ग्रॅनाइटवर उतरू नका, फोटोसाठी तर मुळीच नाही. गाडीत नातवंडं असतील तर एक मोठं माणूस फक्त त्यांच्यावर नेमून ठेवा.

दुपारी बाबांच्या पायात दम असेल तर दोघांनी हॅपी आइल्सवरून व्हर्नल फॉलच्या पुलापर्यंत जावं. जाऊन-येऊन 1.6 मैल, चढ 400 फूट. वाट डांबरी असली तरी चढ सलग आहे, तेव्हा आईंना नेऊ नका. तेवढा वेळ त्या करी व्हिलेजच्या सावलीत आरामात बसतील. पुलावरून 317 फुटांचा धबधबा लांबून दिसतो, आणि तिथून परत फिरायचं. पुढच्या मिस्ट ट्रेलच्या सहाशेवर ओल्या पायऱ्या या दिवसासाठी नाहीत.

साडेतीन-चारला गाडी काढा आणि उत्तरेच्या रस्त्याने एल कॅपिटन मेडोला थांबा. दुर्बीण न्या. भिंतीवर रंगीत ठिपके दिसतील, ते गिर्यारोहक. 1958 मध्ये या भिंतीवर पहिली यशस्वी चढाई झाली, आणि 2017 मध्ये ॲलेक्स होनोल्ड दोर न वापरता, एकटा, ही भिंत चढून गेला. समोर बसून मान मागे टाकून वर पाहताना हे सांगा.

टनेल व्ह्यू मी मुद्दाम शेवटी ठेवतो. बहुतेक लोक आधी तिथे जातात, पण तिथून आपण पूर्वेकडे पाहतो, म्हणजे सकाळी ऊन डोळ्यांवर आणि कडे काळे. दुपारनंतर सगळा प्रकाश कड्यांवर पडतो, आणि ब्रायडलव्हेलच्या तुषारांत कधी कधी इंद्रधनुष्य उमटतं. जाण्याची खूण अशी: बाहेर पडताना पोहोनो पुलाशी डावीकडे वळा, ब्रायडलव्हेलपाशी उजवीकडे 41 क्रमांकाच्या रस्त्याने दीड मैल वर. तिथे चालावं लागत नाही, गाडीतून उतरलं की समोर दरी. खाली आल्यावर एल कॅपिटनजवळच्या आडव्या रस्त्याने पुन्हा उत्तरेच्या रस्त्याला लागा आणि 120 च्या पाट्या धरा. ब्रायडलव्हेलची वाट छोटी आहे, पण या महिन्यात इतकी भिजलेली असते की आईंच्या गुडघ्यांसाठी मी ती सोडूनच देईन.

साडेपाचच्या आत दरी सोडा. जूनमध्ये साडेआठपर्यंत उजेड असतो, म्हणजे प्रीस्ट ग्रेड उजेडात उतरता येतो. उतरताना गाडी खालच्या गिअरला ठेवा, ब्रेकवर पाय दाबून धरू नका. जळका वास आला तर बाजूला घेऊन थंड होऊ द्या. ओकडेलला थांबून चालक बदला आणि काहीतरी गरम पोटात जाऊ द्या. साडेदहापर्यंत फ्रीमाँट.

आणि काही केल्या आठवड्यातला मधला दिवस जमत नसेल, शनिवारच हातात असेल, तर एका दिवसाचा हट्ट सोडा. शुक्रवारी रात्री मर्सेड किंवा मॅरिपोसा या गावी मुक्काम करा आणि सकाळी यार्ट्स या सार्वजनिक सेवेच्या बसने 140 च्या रस्त्याने दरीत जा. हा रस्ता नदीकाठाने जातो, प्रीस्ट ग्रेडसारखा घाट नाही, पार्किंगची चिंता नाही, आणि तुम्हालाही खिडकीतून बाहेर बघता येतं. मोसमात बसच्या जागा भरतात, तेव्हा तिकिटं आधी काढा.